नाव इथे, डेटा तिथे : विज्ञानाचे अवजड डेटासंच सांभाळणारी सॉफ्टवेअर

एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतील आठ रेडिओ दुर्बिणींनी कृष्णविवरांचा वेध घेण्यासाठी एकाच वेळी निरीक्षणे केली आणि मोजक्या रात्रींत सुमारे पाच पेटाबाइट डेटा नोंदवला. ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पाने तो डेटा इंटरनेटवरून पाठवला नाही. हार्ड डिस्कचे खोके विमानात चढवून अमेरिकेतील एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉन येथील माक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेत नेण्यात आले. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर तिथला हिवाळा सरून विमाने पुन्हा सुरू होईपर्यंत काही महिने जागेवरच थांबावे लागले. त्या निरीक्षणांतून तयार झालेले कृष्णविवराचे पहिले चित्र जगाने पाहिले ते १० एप्रिल २०१९ रोजी.

आजच्या काळात विमानाने डिस्क धाडणे मागासलेपणाचे वाटेल, पण साधा हिशेब मांडला की त्यातले शहाणपण दिसते. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. सेकंदाला एक गिगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट) वेगाची जोडणी अहोरात्र, एकदाही न अडखळता चालली, तरी एक पेटाबाइट पाठवायला सुमारे ९३ दिवस लागतात, आणि पाच पेटाबाइटला सव्वा वर्ष. डेटाला वजन नसते हे खरे, पण एका मर्यादेपलीकडे तो जड वस्तूसारखाच वागतो. तो उचलायला वेळ आणि पैसा लागतो, वाटेत त्याची मोडतोड होऊ शकते, आणि तो ठेवायचा कुठे हा प्रश्न प्रत्येक नव्या जागी नव्याने उभा राहतो.

जड वस्तूंचा व्यवहार माणसाने पूर्वीच सोडवलेला आहे. घर विकताना कोणी घर उचलून देत नाही. कागदपत्रे आणि किल्ली देतो. मोठे वैज्ञानिक डेटासंच सांभाळणाऱ्या आणि वाटणाऱ्या सॉफ्टवेअरची नावे, उपयोग आणि घडण कितीही वेगळी दिसली, तरी माझ्या मते त्यांतील बहुतेकांचा पाया याच एका युक्तीवर उभा आहे. वस्तूचे नाव आणि वस्तूची जागा या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवायच्या, हलके नाव सगळीकडे फिरवायचे, आणि जड डेटा गरज पडेल तेव्हा, गरजेपुरताच हलवायचा.

आपल्या रोजच्या संगणकावर नाव आणि जागा एकच असतात. एखादी फाइल अमुक ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरमध्ये आहे, हीच तिची ओळख. फोल्डरचे नाव बदलले, ड्राइव्ह बदलला किंवा संगणक निवृत्त झाला की ओळख संपली. संशोधनातही बराच काळ असेच चालत आले. शोधनिबंधाच्या तळाशी ‘डेटा आमच्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ किंवा ‘लेखकाकडे मागितल्यास मिळेल’ असे वाक्य लिहिले जाई, आणि चार वर्षांनी ते संकेतस्थळही नसे आणि लेखकाचा ईमेलही चालत नसे. वनस्पती आणि प्राण्यांच्या शरीररचनेच्या मोजमापांवर आधारलेले, २ ते २२ वर्षे जुने असे ५१६ शोधनिबंध घेऊन काही संशोधकांनी त्यांचा मूळ डेटा खरोखरच मागून पाहिला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, शोधनिबंधाचे वय जसे वाढते तसे डेटा शिल्लक असण्याचे नसण्याशी असलेले प्रमाण दरवर्षी १७ टक्क्यांनी घसरते. यातला बराचसा डेटा कोणी मुद्दाम लपवलेला नव्हता. तो हरवला होता, किंवा ज्या यंत्रात घालून वाचता येईल ते यंत्रच कोणाकडे उरले नव्हते.

या रोगावरचा पहिला उपाय म्हणजे डीओआय, अर्थात कायमस्वरूपी ओळखक्रमांक. शोधनिबंधांना तो आधीपासून दिला जात होता; डेटासंचांनाही तो मिळावा यासाठी २००९ साली डेटासाइट ही संस्था स्थापन झाली. डीओआय हा पत्ता नसून पत्त्याकडे बोट दाखवणारी नोंद आहे. वाचक डीओआयवर क्लिक करतो तेव्हा आधी एका मध्यवर्ती नोंदवहीत पाहिले जाते की या क्रमांकाची वस्तू सध्या कुठे आहे, आणि मग त्याला तिथे पाठवले जाते. डेटासंच दुसऱ्या सर्व्हरवर हलवला तर तो जपणाऱ्या भांडाराने नोंदवहीतला पत्ता तेवढा बदलायचा. जगभरच्या शोधनिबंधांत छापला गेलेला क्रमांक तसाच राहतो. अर्थात नोंदवही जिवंत ठेवण्याची आणि पत्ता वेळेवर बदलण्याची जबाबदारी माणसांवर आणि संस्थांवरच असते. डीओआयमध्ये कोणतीही जादू नाही. आहे तो एक करार.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे आणि त्याला कोणाच्या करारावर विसंबावे लागत नाही. फाइलचे नाव तिच्या मजकुरातूनच तयार केले तर? एसएचए-२५६ नावाची गणिती पद्धत कोणतीही फाइल, मग ती एका ओळीची असो की दोनशे गिगाबाइटची, चाळून तिचा ६४ चिन्हांचा एक ठसा काढते. याला चेकसम म्हणतात. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो, आणि दोन वेगळ्या फाइलींचा ठसा एकच येण्याची शक्यता व्यवहारात शून्य धरली जाते. हा ठसाच फाइलचे नाव मानला की दोन कामे एकदम होतात. फाइल जगात कुठेही असो, नाव तेच राहते. शिवाय मिळालेली फाइल अस्सल आहे की वाटेत बिघडली आहे, हे नावावरूनच तपासता येते.

ही कल्पना प्रत्यक्षात कशी चालते हे गिट-अ‍ॅनेक्स या साधनात फार स्वच्छ दिसते. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये प्रोग्रामच्या मजकुरासाठी लिहिलेले आवृत्ती-व्यवस्थापन सॉफ्टवेअर आहे. कोणी, केव्हा, कुठली ओळ बदलली याचा पूर्ण इतिहास ते जपते. परंतु गिटची प्रत घेणाऱ्याला सामान्यतः सारा इतिहासच उचलावा लागतो. दोनशे गिगाबाइटची फाइल पाच वेळा बदलली, तर प्रत घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर जवळजवळ सव्वा टेराबाइटचे ओझे येते. जोई हेस यांनी २०१० मध्ये गिट-अ‍ॅनेक्स लिहिताना यावर तोडगा काढला. गिटच्या इतिहासात प्रत्यक्ष फाइल ठेवायचीच नाही. तिच्या जागी फक्त एक दुवा ठेवायचा, ज्यात फाइलचा ठसा लिहिलेला असतो.

त्यामुळे असा डेटासंच प्रथम उतरवून घेणाऱ्याला थोडे चकित व्हायला होते. काही सेकंदांत फोल्डर तयार होते, आत शेकडो फाइली नावानिशी दिसतात, आणि फोल्डरचा एकूण आकार निघतो जेमतेम काही मेगाबाइट. एखादी फाइल उघडायला जावे तर ती उघडत नाही, कारण तिथे नुसता दुवा आहे. ‘व्हेअरइज’ ही आज्ञा दिली की या फाइलच्या प्रती कुठे कुठे आहेत याची यादी येते: विद्यापीठाच्या सर्व्हरवर एक, क्लाउडवर एक, कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर एक. ‘गेट’ म्हटले की ती फाइल आपल्याकडे येते आणि ठशाशी ताडून पाहिली जाते. काम झाल्यावर ‘ड्रॉप’ म्हटले की ती आपल्या संगणकावरून जाते आणि मागे पुन्हा दुवा उरतो. मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे या साधनाचा हट्टीपणा. ‘ड्रॉप’ करण्यापूर्वी ते दुसरीकडे पुरेशा प्रती खरोखर आहेत का याची खात्री करून घेते आणि ती पटली नाही तर फाइल काढून टाकायला चक्क नकार देते.

मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या संशोधकांनी याच पायावर डेटालॅड हे साधन उभारले. एका डेटासंचात दुसरा डेटासंच खणासारखा बसवता येणे ही त्याची सोय आहेच, पण त्याहून उपयोगी आहे ती नोंद ठेवण्याची सवय. कुठल्या मूळ फाइलवर कुठली आज्ञा चालवून हा निकाल आला, हे ते निकालासोबतच लिहून ठेवते. सहा महिन्यांनी ‘हा आलेख नेमका कशावरून काढला होता?’ या प्रश्नावर स्मरणशक्तीला ताण द्यावा लागत नाही.

गिट-अ‍ॅनेक्सचा आवाका एका प्रयोगशाळेचा किंवा गटाचा आहे. सर्न या युरोपीय कणभौतिकी संशोधन संस्थेच्या, प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या यंत्रावर प्रश्न वेगळ्याच मापाचा होतो. तिथे सेकंदाला सुमारे शंभर कोटी टकरी होतात. त्यांपैकी बहुतेक सगळ्या तत्क्षणी सोडून देऊन अगदी थोड्या जपल्या जातात, आणि तरीही २०२३ साली सर्नमधल्या डिस्कची एकत्रित क्षमता एक एक्साबाइटच्या, म्हणजे हजार पेटाबाइटच्या, पुढे गेली. हा डेटा एका जागी मावणारा नाही आणि एका जागी ठेवणे शहाणपणाचेही नाही. तो ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० संगणक केंद्रांच्या जाळ्यावर पसरलेला असतो. तिथल्या अ‍ॅटलास प्रयोगासाठी लिहिले गेलेले आणि आता इतर अनेक प्रकल्पांनीही स्वीकारलेले रुसिओ हे सॉफ्टवेअर या पसाऱ्याचे कारभारी आहे.

रुसिओची खुबी अशी की त्याला ‘ही फाइल इथून तिथे ने’ असे सांगायचे नसते. त्याला नियम सांगायचा असतो. ‘या डेटासंचाच्या दोन प्रती असाव्यात, एक युरोपातल्या डिस्कवर आणि दुसरी अन्य खंडातल्या टेपवर, पुढील एक वर्षापर्यंत’ अशा प्रकारचा नियम दिला की प्रती कुठून करायच्या, केव्हा करायच्या, एखादी बिघडली तर कोणत्या चांगल्या प्रतीवरून ती पुन्हा घडवायची, हे सारे ते स्वतः पाहते. नियमाची मुदत संपली आणि दुसऱ्या कोणत्याही नियमाचे त्या प्रतीला संरक्षण उरले नाही, की ती जागा मोकळी करण्यास पात्र ठरते. संशोधक मात्र डेटासंचाचे नाव तेवढे जाणतो. तो कुठल्या देशातल्या कुठल्या डिस्कवर आहे हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. टेपचा उल्लेख वाचून कोणाला आश्चर्य वाटले असेल तर सांगायला हवे की चुंबकीय टेप अजूनही जोरात वापरात आहे. कपाटात पडून असताना तिला वीज लागत नाही, आणि क्वचित लागणाऱ्या डेटासाठी तिच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही.

स्वयंचलित कारभाराला एक धोकादायक बाजूही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला, आणि तो पुसला बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामनेच. जुन्या नोंदफाइली हटवण्याचे काम करणारी आज्ञावली चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्या जागी ठेवली गेली. धावता प्रोग्राम अर्ध्यावरून नवी आज्ञावली वाचू लागला, त्यातल्या काही जागा रिकाम्याच राहिल्या, आणि नोंदफाइलींऐवजी संशोधकांच्या फाइली हटवल्या गेल्या. चौदा गटांचा डेटा गेला. त्यांपैकी चार गटांचा परत मिळवता आला नाही. गिट-अ‍ॅनेक्सचा तो नकार देण्याचा हट्ट अशा वेळी आठवतो.

डेटा हलवायचाच असेल तेव्हा काय? साध्या डाउनलोडमध्ये एक अडचण दडलेली असते. पाठवणारा संगणक थोडा डेटा पाठवतो आणि ‘पोचला’ असा निरोप येण्याची वाट पाहतो. समोरचा संगणक दुसऱ्या खंडात असेल तर त्या निरोपाच्या येण्याजाण्यातच वेळ जातो, आणि कितीही रुंद जोडणी असली तरी ती बराच काळ रिकामी राहते. ग्लोबससारखी साधने एकाच वेळी अनेक प्रवाह सुरू करून ही रिकामी जागा भरून काढतात, तुटलेला प्रवास जिथे तुटला तिथून पुढे नेतात आणि शेवटी चेकसम जुळवून पाहतात. शिवाय संशोधकाचा लॅपटॉप या प्रवासात मधे येतच नाही. तो एका केंद्राला सांगतो की दुसऱ्या केंद्राकडे एवढे पाठव, आणि लॅपटॉप मिटून निघून जातो.

याहून मोठी बचत होते ती डेटा मुळात कसा रचून ठेवला आहे यावरून. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्राचा ईआरए५ हा डेटासंच १९४० पासून दर तासाची पृथ्वीभरची हवामानस्थिती देतो. अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या जाळीवर एका तासाच्या तापमानाचे दहा लाखांहून अधिक आकडे होतात. वर्षभराचे सुमारे ९०९ कोटी. प्रत्येकाला चार बाइट धरले तर फक्त तापमानाचे, फक्त एका वर्षाचे, न दाबलेले ओझे ३६ गिगाबाइट भरते. आता एखाद्याला पृथ्वीवरच्या एकाच ठिकाणाचे आठ दशकांचे तापमान हवे आहे. तो डेटा जेमतेम तीन मेगाबाइट आहे, पण तासातासाच्या पानांत विखुरलेला आहे. रोजच्या वर्तमानपत्राचे अंक वर्षानुवर्षे गठ्ठे बांधून ठेवले आहेत आणि कोणीतरी येऊन फक्त शब्दकोडी मागावीत, तशी ही गत. तीन मेगाबाइटसाठी तीन टेराबाइट उपसावे लागतात.

यावरचा इलाज म्हणजे तुकडे पाडणे. एचडीएफ५ आणि नेटसीडीएफ या जुन्याजाणत्या फाइल-रचना आणि क्लाउडसाठी घडवलेली झार ही नवी रचना, या सगळ्यांत मोठा आकडेसंच छोट्या ठोकळ्यांत कापून ठेवता येतो; एका ठोकळ्यात थोडा प्रदेश आणि बराच काळ, किंवा थोडा काळ आणि बराच प्रदेश. झारमध्ये सामान्यतः प्रत्येक ठोकळा स्वतंत्र वस्तू म्हणून क्लाउडवर ठेवला जातो, त्यामुळे हवे ते ठोकळे तेवढे मागवता येतात आणि अनेक संगणकांना एकाच वेळी वेगवेगळे ठोकळे वाचता येतात. ठोकळा कसा कापायचा हे मात्र वाचणारा कोण आहे यावर ठरते. नकाशा काढणाऱ्याला सोयीची काप कालमालिका काढणाऱ्याला छळते, आणि दोघांनाही खूश करणारी काप सहसा दोघांनाही मध्यमच वाटते.

इथवर सॉफ्टवेअरने बरेच काही साधले. पुढची पायरी अवघड आहे, कारण डेटासंच सापडला, अस्सल निघाला आणि वेगाने उतरला तरी तो समजेलच असे नाही. हवामान केंद्राच्या एका महिन्याच्या फाइलमध्ये ‘ता’ या नावाचा स्तंभ आहे असे समजू. अंश सेल्सियस की केल्व्हिन? सकाळचे की दिवसाची सरासरी? तीस दिवसांपैकी अठ्ठावीस दिवस आकडा २५ आहे आणि दोन दिवस –९९९. यंत्र बंद असेल तर –९९९ लिहायचे, असा त्या केंद्राचा प्रघात होता. तो तिथल्या सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळे कोणी लिहून ठेवला नाही. परक्या संशोधकाने सरासरी काढली आणि महिन्याचे तापमान उणे ४३ आले. इतका विचित्र आकडा निदान डोळ्यांत भरतो. अशा नोंदी लाखात दोनच असत्या तर सरासरी किंचित सरकली असती आणि कोणाला कळलेही नसते. नेटसीडीएफसारख्या रचनेत एकक, गहाळ आकड्याची खूण, मोजणीची पद्धत हे सारे फाइलच्या आतच, आकड्यांना चिकटवून ठेवण्याची सोय आहे. या माहितीला मेटाडेटा म्हणतात. सोय आहे म्हणजे कोणी ती भरलेली असेलच असे नाही, आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती माणसाच्या मनातून काढून घेऊ शकत नाही. एककांचा घोळ किती महाग पडतो हे १९९९ मध्ये दिसले. एका सॉफ्टवेअरने पौंड-बलात दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटनमधले समजून वापरले आणि नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोचताच नष्ट झाले.

कधी कधी साधनच अर्थ बदलून टाकते. मानवी जनुकांपैकी एकाचे संक्षिप्त नाव ‘मार्च१’ असे होते, आणि एक्सेलमध्ये ते लिहिले की त्याची १ मार्च ही तारीख होई. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलच्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये हार मानली आणि जनुकांचीच नावे बदलली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले.

डेटा लोकांपर्यंत नेणारी भांडारे आता पुष्कळ आहेत आणि निवडीचा नियम सोपा आहे. आपल्या विषयाचे खास भांडार असेल तर तिथेच जावे, कारण तिथे मेटाडेटाचे नियम ठरलेले असतात आणि ते पाळले गेले की नाही हे पाहणारी माणसे असतात. प्रथिनांच्या रचनांचे प्रोटीन डेटा बँक हे भांडार १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाले. आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीला त्यांच्यावरच शिकवले गेले. खास भांडार नसेल तर झेनोडो, ड्रायड, फिगशेअर यांसारखी सर्वसाधारण भांडारे आहेत, आणि संस्थेला स्वतःचे भांडार उभारायचे असेल तर हार्वर्ड विद्यापीठात घडलेले डेटाव्हर्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. सर्नमधून २०१३ पासून चालणाऱ्या झेनोडोवर एका नोंदीत एरवी ५० गिगाबाइट ठेवता येतात, आणि दोन प्रकारचे डीओआय मिळतात: प्रत्येक आवृत्तीचा वेगळा, आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक. आपण नेमके कोणते आकडे वापरले हे सांगायचे असेल तर आवृत्तीचाच डीओआय द्यायला हवा; त्याऐवजी सगळ्या आवृत्त्यांचा सामायिक डीओआय देण्याची चूक फार सर्रास होते.

सगळाच डेटा उघड्यावर ठेवता येत नाही. २०१६ साली मांडल्या गेलेल्या ‘फेअर’ तत्त्वांनुसार डेटा सापडण्याजोगा, मिळवण्याजोगा, इतर डेटाशी जुळण्याजोगा आणि पुन्हा वापरण्याजोगा असावा. पण मिळवण्याजोगा म्हणजे सर्वांना खुला नव्हे. तो मिळवण्याची वाट आणि अटी स्पष्ट असाव्यात, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. अनेक माणसांची जनुकीय माहिती एकत्र करून काढलेल्या सरासरीतूनही, एखादी विशिष्ट व्यक्ती त्या गटात होती की नाही हे ओळखता येऊ शकते, असे २००८ मध्ये दाखवले गेले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तसा एकत्रित डेटा सार्वजनिक जागेतून काढून घेतला. अशा डेटासाठी आता उलटी वाट धरली जाते. सुमारे पाच लाख लोकांची आरोग्यविषयक माहिती जपणाऱ्या यूके बायोबँकेने संशोधकांसाठी क्लाउडवर विश्लेषणाचा मंच उभारला आहे. तिथे संशोधक आपला प्रोग्राम डेटाजवळ नेतो. अशा व्यवस्थेत व्यक्तींच्या नोंदी आतच राहाव्यात आणि बाहेर निष्कर्ष तेवढे यावेत, असा हेतू असतो.

आणि कधी कधी प्रसिद्ध झालेला डेटासंच मागे घ्यावा लागतो. सहभागी व्यक्तीने संमती काढून घेतलेली असते, चुकून नावे तशीच राहून गेलेली असतात, किंवा मोजमापेच खोटी निघालेली असतात. चांगले भांडार अशा वेळी फाइली काढते, पण डीओआय मोडू देत नाही. त्यावर क्लिक करणाऱ्याला एक छोटे पान दिसते, ज्याला या क्षेत्रातले लोक ‘टूम्बस्टोन’, म्हणजे स्मृतिशिळा, म्हणतात. त्यावर डेटासंचाचे शीर्षक असते, तयार करणाऱ्यांची नावे असतात, तो केव्हा काढला याची तारीख असते आणि का काढला याची एखादी ओळ.